बिनखाड्याची बाई

स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या चौकटींत आपल्या घरांचा सगळा हिशेब असतो. दूध किती आलं, गॅस कधी लावला, संकष्टी कधी, लाइटबिलाची शेवटची तारीख कोणती. त्याच चौकटींत अधूनमधून पेनाने मारलेली एक फुली असते. तो बाईंचा खाडा. महिना संपला की फुल्या मोजायच्या, दोन सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांचे पैसे पगारातून कापायचे. काही घरांत दोनही सोडत नाहीत. बाई का आल्या नाहीत, हे त्या चौकटीत लिहिलेलं नसतं. ताप, नवऱ्याची मारहाण, लेकीचं बाळंतपण, गावाकडची मयत, रेशनची रांग, सगळ्याला तीच एक फुली.

गेलं वर्षभर मी कोथरूडच्या सोसायट्यांत आणि त्यांच्या मागच्या टेकडीला चिकटलेल्या सुतारदरा, केळेवाडी या वस्त्यांत घरकाम करणाऱ्या बायकांशी बोलत होते. नावं छापायची नाहीत, ही त्यांची पहिली अट होती. "आमच्या वहिनी दिवाळी अंक वाचत्यात," असं एकीने स्पष्टच सांगितलं. म्हणून या लेखात त्यांची नावं नाहीत. पगार, नवरा, कर्ज, मुलांचं शिक्षण, कुठल्याही विषयावर बोलणं सुरू झालं तरी थोड्या वेळाने ते खाड्यावर येऊन ठेपायचं. कष्टाची तक्रार मला फारशी ऐकू आली नाही. आजारी पडायची सोय नाही, ही तक्रार मात्र घरोघरी होती.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सुतारदऱ्यातल्या एका मावशींनी. मूळ गाव बार्शीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात आईवडील पुण्याला आले तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. वडील बिगारी काम करायचे. आई आधी खडी फोडायला जायची, मग तिने भांड्यांची घरं धरली. आईबरोबर जाऊन मावशी भांडी विसळू लागल्या. एका वर्षी आई काविळीने अंथरुणाला खिळली आणि तिची घरं या पोरीकडे आली. तेव्हापासून आजपर्यंत काम सुटलेलं नाही. लग्न झालं, तीन मुलं झाली, नवरा दारूने गेला, एक मुलगा रिक्षा चालवू लागला, सून आली. सूनही आता तीन घरं करते.

सकाळी साडेसहाला मावशी वस्तीच्या पायऱ्या उतरायला लागतात. गुडघे इतके झिजलेत की पाय आडवा टाकून, भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरावी लागते. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर होतं तेव्हा अंगठा चालायचा, आता मोबाइलमधल्या ॲपचा नंबर सांगावा लागतो. तो सुनेने त्यांच्याकडून पाठ करून घेतला आहे. आत शिरल्याची वेळ मालकिणीच्या फोनवर लगेच जाते. परत जाताना पिशवी उघडून दाखवायची. कुणी जुनी साडी किंवा फराळाचा डबा दिला असेल, तर त्या घरातून वॉचमनला फोन यावा लागतो. फोन लागेपर्यंत मावशी पिशवी उघडी धरून गेटपाशी उभ्या असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत.

एकदा मी त्यांचा उजवा हात हातात घेऊन नीट पाहिला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या. पावसाळ्यात झालेल्या, भरत आल्या की साबणाच्या पाण्याने पुन्हा उलणाऱ्या. अंगठ्याच्या पेरावर तारेच्या घासणीने पडलेल्या बारीक चिरा, त्यांत काळपट रेघा बसलेल्या. नखं कडेने खाल्ल्यासारखी झालेली. अंगठ्याची त्वचा इतकी गुळगुळीत की तिच्यावरच्या रेषा दिसेनातच. मावशींना त्याचं काही वाटत नव्हतं, त्यांची अडचण वेगळीच होती. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही. दोनदा-तीनदा दाबायचा, पदराला पुसून पुन्हा दाबायचा, तरी नाही उमटला तर "उद्या या". उद्या म्हणजे आणखी एक खाडा. पन्नास वर्षं लोकांची भांडी घासून या बाईंच्या बोटांवरची ओळखच पुसली गेली, आणि ती पुसली गेली म्हणून त्यांचाच पगार कापला जातो. हे ऐकल्यावर मला बराच वेळ पुढचा प्रश्न विचारता आला नाही.

पगाराचं बोलू. मावशींची चार घरं. दोन ठिकाणी केर-फरशी आणि भांडी, एका ठिकाणी नुसती भांडी दोन्ही वेळची, एका ठिकाणी भांडी आणि मशीनमधून काढलेले कपडे वाळत घालणं. सगळं मिळून महिन्याला साडेअकरा हजार. सकाळी सात ते दुपारी एक आणि संध्याकाळी चार ते सहा असे रोजचे आठ तास. महिन्याचे अठ्ठावीस दिवस धरले तर तासाला एक्कावन्न रुपये पडतात. एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाण्याचा, लिफ्टची वाट पाहण्याचा, दार उघडेपर्यंत बाहेर थांबण्याचा वेळ यात धरलेला नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची सेवा सुरू केली, तेव्हा सुरुवातीची सवलत म्हणून तासाचा दर ४९ रुपये ठेवला होता. त्यावर समाजमाध्यमांत केवढा गदारोळ झाला. कंपनीला सेवेचं नाव बदलावं लागलं आणि काम करणाऱ्या बाईला तासाला १५० ते १८० रुपये मिळतील असा खुलासाही करावा लागला. संताप योग्यच होता. पण ज्या घरांतून तो व्यक्त झाला, त्यांतल्या किती घरांनी आपल्याच बाईंच्या पगाराला तासांनी भागून पाहिलं? आपण कामाचा दर ठरवतो तो नगावर: भांड्यांचे इतके, फरशीचे इतके. तासांचा हिशेब करायची वेळच आपण येऊ देत नाही. पाहुणे आठवडाभर राहिले, भांड्यांचा ढीग दुप्पट झाला, तरी आकडा तोच. घरातली माणसं सुट्टीला गेली आणि काम नसलं, की मात्र "तेवढ्या दिवसांचे नाही हं देणार" हे आठवणीने सांगितलं जातं. मावशी म्हणतात, "त्यांची सुट्टी बी आमचा खाडा आन् आमचं दुखणं बी आमचाच खाडा."

पुण्यातल्या बायकांनी हा प्रश्न एकदा रस्त्यावर आणलेला आहे. आजच्या तरुण मालकिणींना, आणि खरं तर आजच्या तरुण कामगार बायकांनाही, त्याची माहिती नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. आधी संघटना नव्हती, पुढारी नव्हता. एका बाईला आजारपणात झालेल्या खाड्यांवरून कामावरून काढलं, तिच्या शेजारणी चिडल्या आणि बघता बघता एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत काम बंद झालं. गिरणीत किंवा कारखान्यात संप करणं एक वेळ सोपं, कारण तिथे हजार माणसं एका छपराखाली असतात. इथे प्रत्येकीचा मालक वेगळा, प्रत्येकीचं दार वेगळं, आणि दार बंद झालं की ती एकटी. अशा बायकांनी एकत्र येऊन मोर्चा काढणं ही त्या काळच्या पुण्याच्या दृष्टीने अघटित गोष्ट होती. लाल निशाण पक्षाच्या लीलाताई भोसले यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि पुणे शहर मोलकरीण संघटना जन्माला आली. मागण्या साध्या होत्या: पगारवाढ, महिन्याला ठरावीक भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस. पुढे संघटनेने कामाची दरपत्रकं काढली. माणसं किती, कामं कोणती, त्यावर पैसे किती, हे कागदावर आलं. पुण्यात दिवाळीला बाईंना एक पगार जास्त द्यायची जी रीत आज बऱ्याच घरांत आहे, ती मालकांच्या चांगुलपणातून आपोआप आलेली नाही. ती या बायकांनी भांडून मिळवलेली आहे. 'आम्ही दरवर्षी देतो' असं आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा हे ध्यानात असावं.

केळेवाडीतल्या एका आजींना त्या मोर्चाची आठवण होती. त्या तेव्हा विशी-बाविशीच्या होत्या. त्यांना घोषणा आठवत नव्हत्या, पण संपानंतर कामावर रुजू झाल्या त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. "काकूंनी दार उघडलं. काय बोलल्या नाहीत. मोरीत तीन दिसांची भांडी तशीच. म्या घासली. जाताना म्हणाल्या, दोन रुपये वाढवले. म्या म्हणलं, आन् सुट्टी?" आजी हे सांगताना ताठ बसल्या होत्या. त्या एका प्रश्नाचा अभिमान चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकला आहे.

खाड्याच्या दुसऱ्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर लेख खोटा होईल. बाई आली नाही तर घरातली भांडी कोण घासतं? घरातली दुसरी बाई. साडेआठची कंपनीची बस, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं, आणि त्यात सहा वाजता बाईंच्या मुलीचा फोन: "आई आज येणार नाही." त्या क्षणी त्या गृहिणीच्या पोटात येणारा गोळा खरा असतो. तिची चिडचिड बाईंवर निघते, कारण तीच समोर असते. त्याच घरात एक पुरुष पेपर वाचत किंवा फोन बघत बसलेला असतो आणि त्याचा दिवस कुठेच हलत नाही. फुली मारणारी बाई आणि जिच्या नावाने फुली पडते ती बाई, दोघीही एकाच कामाच्या ओझ्याखाली आहेत. ते काम घरातल्या सगळ्यांचं आहे, हे आपल्या घरांनी कधी मान्यच केलं नाही. मान्य केलं असतं तर खाड्यावरून एवढा तंटा झाला नसता. बाई आल्या नाहीत म्हणून ज्या घरातल्या पुरुषाने ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं, असं घर मला या वर्षभरात भेटलं नाही. कुठे असेल तर मला त्याचा आनंदच होईल.

आता मानाचं.

मावशींच्या चार घरांपैकी दोन घरांत त्यांना संडास वापरू देतात. उरलेल्या दोन्हीकडे नाही. कुणी तोंडाने नाही म्हटलेलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकदा त्यांनी विचारलं आणि वहिनींनी "खाली वॉचमनकडे आहे ना" असं सांगितलं, तेवढ्यावर ते कायमचं ठरलं. वॉचमनच्या संडासाला कडी नाही. म्हणून मावशी सकाळी पाणी पीत नाहीत. दुपारी एकला घरी पोचल्यावर पहिला तांब्या. त्यांना मूतखड्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं आहे. ज्या घराचा संडास त्या रोज ब्रशने घासून लख्ख करतात, त्यात त्यांनी जायचं नाही, यातली क्रूरता आपल्याला दिसत नाही याचं कारण ती फार जुनी आहे. पेशवाईतल्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. घरातली दळणकांडणं, पाणी भरणं, उष्टीखरकटी काढणं यांसाठी बायका विकत घेतल्या जात. गुलामगिरी कायद्याने गेली. पण घरातलं घाण काम करणारी माणसं वेगळी आणि घरात राहणारी माणसं वेगळी, ही समजूत गेली नाही. वेगळा कप, वेगळी बशी आजही ओट्याच्या खालच्या कप्प्यात असते. काही इमारतींत वेगळी लिफ्ट असते आणि तिच्यावर तशी पाटीही असते.

यात जात आहेच. धुणं-भांडी कोण करणार, संडास कोण धुणार आणि पोळ्या कोण लाटणार, याची उतरंड पुण्यात अजून शाबूत आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यातल्या एका उच्चशिक्षित बाईंनी थेट पोलिसांत तक्रार दिली. स्वयंपाकाला आलेल्या बाईने आपली जात लपवली आणि सोवळं मोडलं, अशी ती तक्रार होती. बरीच टीका झाली, तेव्हा तक्रार मागे घेतली गेली. त्यावेळी पुष्कळांनी हा अपवाद म्हणून सोडून दिला. वस्तीत बसून ऐकलं तर अपवाद वाटत नाही. स्वयंपाकाचं काम मिळावं म्हणून आडनाव सांगायचं टाळणाऱ्या बायका मला एकापेक्षा जास्त भेटल्या. भांड्यांपेक्षा पोळ्यांचे पैसे जास्त मिळतात, उभ्याने काम होतं, गुडघे वाचतात. त्या गुडघ्यांच्या आड आडनाव येतं.

आणखी एक गोष्ट आपल्या कानांना इतकी सवयीची झाली आहे की खटकत नाही. साठीच्या मावशींना पस्तिशीची मालकीण नावाने, एकेरीत हाक मारते. तिचा शाळकरी मुलगाही तेच ऐकून "ए, पाणी दे" म्हणतो. मावशी त्या मुलाला "दादा" म्हणतात. एका घरात मात्र आजोबा-आजींपासून नातवापर्यंत सगळे त्यांना "मावशी, या", "मावशी, चहा घ्या" असंच म्हणतात. त्या घरात पगार इतरांपेक्षा जास्त नाही. तरी ते घर मावशींनी गुडघे दुखत असताना, तिसरा मजला असताना आणि लिफ्ट नसताना सोडलेलं नाही. "तिथं मानूस म्हणून जाते मी," असं त्यांनी मला सांगितलं.

मान एका दिवसात कसा जातो, तेही त्यांच्याच तोंडून ऐकलं. काही वर्षांपूर्वी एका घरातली सोन्याची बांगडी सापडेना. आधी घरात विचारपूस, मग पोलीस चौकी. मावशींना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, वस्तीत येऊन खोलीतले डबे उपसले. शेजारपाजार गोळा झाला. तिसऱ्या दिवशी बांगडी बँकेच्या लॉकरमध्ये सापडली. घरातल्याच माणसाने ठेवली होती आणि विसरला होता. त्यांना तसा निरोप आला. माफी कुणी मागितली नाही. "या कामावर उद्यापासून," एवढंच. आणि त्या तीन दिवसांचे पैसे महिन्याअखेरीला कापलेले होते. मावशींनी ते घर सोडलं. त्यांनी स्वतःहून सोडलेलं घर ते एकच.

दिवाळीचा महिना या बायकांना सगळ्यात जड जातो. दसऱ्यापासूनच माळे रिकामे होतात, पंखे पुसायचे, जाळ्या काढायच्या, डबे घासायचे, पडदे धुवायचे. रोजचं काम संपवून त्याच पगारात "जरा हे पण" करायचं. स्टुलावर चढून पंखा पुसताना एक बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं, ती मला सुतारदऱ्यात भेटली. प्लास्टरचे पैसे मालकांनी दिले. दीड महिन्याचा पगार दिला नाही, कारण काम झालं नव्हतं. कारखान्यात असा अपघात झाला असता तर तिला भरपाई मागता आली असती. घरात झाला, म्हणून सगळं मालकाच्या मनावर.

इथेच सगळं अडतं. ज्या घरात आपण राहतो ते दुसऱ्या कुणाची कामाची जागा आहे, हे कायद्याने जवळजवळ मानलेलं नाही. जिथे मानलं, तिथे अर्धवट. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हे कामाचं ठिकाण धरलं आहे आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी एकीनेही या समितीचं नाव ऐकलं नव्हतं. कर्नाटकाने २००४ साली घरकामाला किमान वेतन ठरवून दिलं. एवढ्या जुन्या चळवळीच्या महाराष्ट्राने ते अजून केलेलं नाही. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने बाजूने मत दिलं, आणि आजतागायत त्या कराराला मान्यता दिली नाही. संसदेत तर हा विषय १९५९ सालीच आला होता. राज्यसभेत घरकामगारांच्या सेवाशर्तींचं खासगी विधेयक मांडणारे पां. ना. राजभोज आपल्या पुण्याचेच, दलित चळवळीतले नेते. ते विधेयक पुढे गेलं नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने केंद्र सरकारला, या कामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी करता येईल याचा विचार करायला समिती नेमा, असा आदेश दिला. सहासष्ट वर्षांनी आपण पुन्हा विचार करण्यापाशीच.

या बायका किती, याचंही एकमत नाही. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा हवाला देऊन सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं की देशात घरकामगार ३९ लाख, त्यांत बायका २६ लाख. २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं आणि घरकामगार म्हणून स्वतःहून नाव नोंदवणाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या पुढे गेली. ज्यांची मोजदादच झाली नव्हती, त्यांच्यासाठी कायदा कोण करणार होतं?

महाराष्ट्राने एक चांगलं पाऊल टाकलं होतं, ते सांगायला हवं. २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या कामगारांनी नोंदणी करायची आणि मंडळाने त्यांना बाळंतपणासाठी, अंत्यविधीसाठी मदत द्यायची. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगाराला एकदाच १०,००० रुपये सन्मानधन, अशीही योजना आली. प्रत्यक्ष मंडळ उभं राहायला २०११ उजाडलं आणि मधली काही वर्षं तर ते जवळजवळ ठप्प होतं. नोंदणी जिवंत ठेवायला नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी कामगार कार्यालयात जावं लागतं, आणि ते कार्यालय कामाच्याच वेळात उघडं असतं. म्हणजे पुन्हा खाडा. कोरोनात याची किंमत चुकवावी लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सोसायट्यांची गेटं बंद झाली. परवानगी मिळाल्यावरही कित्येक सोसायट्यांनी महिनोन्महिने बायकांना आत घेतलं नाही. काही घरांनी न मागता पगार चालू ठेवला. त्यांची आठवण वस्तीत आजही घराच्या मजल्यासकट काढली जाते. बहुतेक घरांनी एप्रिलनंतर फोन उचलले नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरेलू कामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, पण ती नोंदीत कामगारांनाच. नोंदणी सुटलेल्या बायका, म्हणजे वस्तीतल्या बहुसंख्य, हात चोळत बसल्या.

मावशींची नोंदणी कधीच झाली नाही, आणि त्याचं कारण मला सगळ्यात जास्त लागलं. अर्जाबरोबर वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा आणि ही बाई आमच्याकडे कामाला आहे असा मालकाचा दाखला लागतो. मावशींनी आपल्या सगळ्यात जुन्या घरी दाखला मागितला. तीस वर्षांहून जास्त काळ त्या तिथे कामाला आहेत, त्या घरातली दोन बाळंतपणं त्यांनी काढली आहेत, म्हातारीचं शेवटचं आजारपण त्यांच्या हातावर गेलं आहे. घरातल्या कर्त्या माणसाने कागद वाचला आणि परत दिला. "मावशी, तुम्हाला काय हवं ते मागा, पण आम्हाला सह्यांत अडकवू नका." मावशींनी दुसऱ्या घरी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, ज्यांनी घरचं मानलं त्यांनीच दिला नाही तर बाकीचे कशाला देतील? तोवर साठी उलटली. आता नोंदणीचं वयही गेलं. सन्मानधनाचे दहा हजार त्यांना मिळायला हवे होते. ते एका सहीअभावी गेले.

ती सही करायला माणसं का भितात, हे मी अनेक घरांत विचारलं. उद्या ती कोर्टात जाईल, प्रॉव्हिडंट फंड मागेल, घर बळकावेल, अशा भीती पुढे आल्या. दाखल्याने यातलं काहीच होत नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा घरात कामाला एक बाई ठेवणाऱ्याला लागू होत नाही, आणि घरावर हक्क तर कुठल्याच कायद्याने सांगता येत नाही. दाखल्यात एवढंच असतं की ही बाई आमच्याकडे काम करते. ते खरं आहे. रोज सकाळी सात वाजता ते तुमच्या दारात उभं असतं.

म्हणून हा अंक हातात असलेल्या वाचकांना माझं सांगणं आहे. बाईंना दिवाळीचा एक पगार द्याच, आणि तो देताना उपकाराची भाषा नको. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी ठरवा आणि ती त्यांना आधी सांगा. आजारपणाचे पैसे कापू नका. तुमचा संडास त्यांना वापरू द्या. हे त्यांनी विचारायची वाट पाहू नका. वयाने मोठ्या बाईला अहो म्हणा आणि मुलांनाही तसंच म्हणायला लावा. मावशींची सून आता पस्तीस वर्षांची आहे, तिची नोंदणी अजून होऊ शकते. तिच्यासारखी जी कुणी तुमच्याकडे येत असेल, तिला या सुट्टीत बसवून विचारा की मंडळाकडे नाव नोंदवलंय का. नसेल तर साध्या कागदावर तिचं नाव, तुमचं नाव, पत्ता आणि ती कधीपासून कामाला आहे एवढं लिहा आणि खाली सही करा. कामगार कार्यालयात जायला तिला एक दिवस लागेल. त्या दिवसाचा खाडा धरू नका.